रिकामी बाबागाडी

बाबागाडी रिकामी होती. वृषालीनं आधी निळी दुलई उचलली, मग आतलं पांढरं पांघरूण, मग चपटी उशीसुद्धा, आणि तरी तिचा हात गादीवरून फिरतच राहिला; पाच महिन्यांचं मूल जणू एखाद्या सुईसारखं शिवणीत अडकून राहिलं असेल. कॅफेच्या काचेला लागून अशा कितीतरी गाड्या ओळीनं उभ्या होत्या. बाकी सगळ्या भरलेल्या. गेला अर्धा तास ती काचेच्या आत मैत्रिणीसमोर, कारीनसमोर, बसली होती आणि बोलता बोलता अधूनमधून बाहेर नजर टाकत होती. गाडी जागेवर, टोप पुढं ओढलेला, दुलई तशीच फुगलेली. प्रत्येक वेळी तिला बरं वाटलं होतं. म्हणजे निदान काही वेळ तरी आपण रिकाम्या गाडीकडे बघून निर्धास्त होत होतो, हे तिला आत्ता कळलं. आणि त्याच्याही आधी, ओरडावंसं वाटण्याआधी, एक अगदी बारीक क्षण होऊन गेला होता. डोक्यावरचा हंडा कुणीतरी मागून अलगद उतरवून घ्यावा तसा. मान मोकळी झाल्यासारखी. तो क्षण इतका स्पष्ट होता की पुढं सगळा वेळ, धावताना, बोलताना, लोकांना धक्के देताना, ती एकीकडे शौर्यला शोधत होती आणि एकीकडे त्या क्षणापासून पळत होती.

‘‘काय झालं?’’ कारीननं विचारलं. ती कोटाच्या बाहीत हात घालत बाहेर आली होती. तिची स्वतःची मुलगी शेजारच्या गाडीत तोंड उघडं टाकून झोपली होती. ‘‘नाहीये,’’ वृषाली म्हणाली. आपण मराठीत बोललो हे तिच्या ध्यानात आलं नाही. पण कारीनला कळलं. तिनं रिकाम्या गाडीत वाकून पाहिलं आणि तिच्या गोऱ्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, भीती नंतर. आमच्याकडे असं होत नाही, असं तो चेहरा म्हणत होता. मग ती पळत सुटली, पहारेकऱ्याला बोलवायला. वृषाली गाडीचा दांडा धरून तिथंच उभी राहिली. कुठल्या बाजूला धावायचं हे ठरवता येत नव्हतं. वर मॉलचं काचेचं छत, खाली तीन मजले गोलाकार उतरत गेलेले, मधोमध मोठी पोकळी, आणि चारी बाजूंनी दुकानं, माणसं, पिशव्या. बाहेर नोव्हेंबरचा दिवस दुपारीच मावळायला लागला होता; इथं आत मात्र कायम सकाळचे दहा वाजल्यासारखा उजेड.

दोन वर्षांपूर्वी, दोन हजार चार साली, लग्न होऊन ती स्वीडनला, गोथेनबर्गला, आली तेव्हा तिला पहिला धक्का थंडीचा बसला नव्हता, या बाबागाड्यांचा बसला होता. एका बेकरीबाहेर, भुरभुर पावसात, एक मूल गाडीत एकटंच झोपलेलं. नाक लालबुंद. आई आत बसून बन खातेय. वृषाली त्या अनोळखी गाडीशेजारी राखण करावी तशी उभी राहिली होती, आई बाहेर येईपर्यंत. त्या बाईनं तिच्याकडे संशयानं पाहिलं होतं. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, राजारामला, सांगितलं तर तो हसला. तो इथं मोटारींच्या कंपनीत होता, ऑफिसात सगळे त्याला राज म्हणत, आणि इथल्या प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कारण तयार असे. ‘‘मोकळ्या हवेत पोरं चांगली झोपतात. आणि नेणार कोण? इथं कोण कुणाचं पोर नेतंय?’’ मग शौर्य झाला. दवाखान्यातल्या नर्सनंही तेच सांगितलं. नव्या आयांचा एक गट असे, त्यात कारीन भेटली, तीही तेच करत होती. वृषाली शिकली. जरा जास्तच लवकर शिकली. गाडी बाहेर लावायची, ब्रेक दाबायचा, दार ढकलून आत जायचं. आणि दार मागं लागलं की कानातला एक सततचा आवाज थांबल्यासारखं व्हायचं. त्या शांततेसाठी ती आठवड्यातून दोनदा इथं यायला लागली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? ती शौर्यला वेळेवर पाजत होती, न्हाऊ घालत होती, त्याचं वजन बरोबर वाढत होतं. फक्त त्याला छातीशी धरलं की जे व्हायला हवं असं सगळे म्हणत होते, ते होत नव्हतं. ती वाट बघे. तो तिच्याकडे बघे. दोन अनोळखी माणसं एका बाकावर एसटीची वाट बघत बसावीत तसं.

पहारेकरी आली ती बाईच होती. उंच, केस घट्ट बांधलेले, खांद्यावर वॉकीटॉकी. तिनं वृषालीच्या दंडाला धरून तिला बाजूला घेतलं आणि सावकाश इंग्रजीत विचारलं, त्याचं नाव काय, वय काय, तुमच्याबरोबर आणखी कुणी आहे का. ‘‘माझी आई आहे,’’ वृषाली म्हणाली, ‘‘पण ती खाली आहे. अगदी तळमजल्यावर. ती वर येऊ शकत नाही.’’ का येऊ शकत नाही, हे पहारेकरणीनं विचारलं नाही आणि वृषालीनं सांगितलं नाही. आई, ठकूबाई, कळंबहून आली त्याला महिना होत आला होता. यायची होती बाळंतपणाला. व्हिसा लांबत गेला आणि ती आली तेव्हा बाळ पालथं पडायला लागलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिला हा मॉल दाखवायला आणलं. सरकत्या जिन्यावर पाय ठेवला आणि साडीचा काठ दातऱ्यांत अडकला. कुणीतरी लाल बटण दाबून जिना थांबवला, सगळे लोक जागच्या जागी उभे राहून बघत राहिले, आणि वृषाली गुडघ्यावर बसून काठ सोडवत होती. त्या दिवशी तिला आईची कीव आली नव्हती, लाज वाटली होती. काचेच्या लिफ्टमध्ये तर आईला भोवळच आली. पायाखालून जमीन निघून जाताना दिसते, म्हणाली. तेव्हापासून मॉलला आलं की ठकूबाई खाली झाडांच्या कुंड्या विकणाऱ्या दुकानासमोर बाकावर बसून राही. राजारामनं घेऊन दिलेले एक माप मोठे बूट, हातमोजे, स्वेटरावर शाल. ‘‘जा तू. मी बसते. हितं झाडं तरी हायेत.’’ आणि वृषाली शौर्यला घेऊन वर येई.

‘‘त्यानं काय घातलंय?’’ पहारेकरणीनं विचारलं.

वृषालीला आठवेना. सकाळी तिनंच त्याला कपडे घातले होते. एकेक हात बाहीतून ओढून बाहेर काढला होता, बटणं लावली होती. निळं? पट्ट्यापट्ट्यांचं? तिनं डोळे मिटले आणि तिला दिसला तो पिवळा सदरा. शौर्यचा नाही. चुलतभावाचा, गेणूचा. पाठीवर ओल्या पिठाची पाच बोटं उमटलेला, आणि त्या पिठात रक्त कालवल्यासारखं झालेलं. तिनं डोळे उघडले. पहारेकरीण थांबली होती. ‘‘मला आठवत नाही,’’ वृषाली म्हणाली. ‘‘हरकत नाही,’’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला तो समजूतदारपणा वृषालीला थपडेसारखा लागला.

कळंबला त्यांचा मळा घोड नदीच्या बाजूला. त्या वर्षी, दोन हजार एक साली, सगळ्या जुन्नर-आंबेगावात उसात बिबटे झाले होते. पिंजरे लागले होते, पिंजऱ्यात शेळ्या बांधलेल्या, दिवस कलला की बाया पोरांना हाका मारून आत घ्यायच्या. वृषाली तेव्हा पुण्याला इंजिनियरिंगला होती आणि दिवाळीच्या सुट्टीला घरी आली होती. तिन्हीसांजेची वेळ. आतल्या खोलीत टीव्हीवर हिंदी मालिका लागली होती, ती लोळून बघत होती. आई पडवीत पीठ मळत होती. चुलती, साळुबाई, मधल्या दारात उभी. तिचा चार वर्षांचा गेणू अंगणात टायर पळवत होता. वृषालीला काहीही ऐकू आलं नाही. नंतर ती स्वतःला किती वेळा विचारत राहिली, पण खरंच काही ऐकू आलं नव्हतं. टीव्हीतली बाई रडत होती तेवढंच. मग परात दगडावर आपटल्याचा दणका, आणि आईचा आवाज, जो बाईचा वाटतच नव्हता. ती बाहेर आली तेव्हा आई उसात शिरली होती. परात बडवत, अनवाणी, पुरुष माणसं टेंभे शोधत असताना, एकटी. पाचट सळसळत होतं आणि ती सळसळ लांब लांब जात होती. सगळी वस्ती बांधावर उभी. मग सळसळ परत आली. आई बाहेर आली ती गेणूला उराशी धरून, परात नव्हती, हातांना पीठ तसंच. मान फाटली होती पोराची, पण जगला. जगला, मोठा झाला, आता कॉलर वर करून शाळेत जातो. वर्तमानपत्रवाले आले, ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिला, कुठून कुठून लोक ठकूबाईला बघायला यायचे. आईनं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. पुण्याच्या होस्टेलवर वृषालीनंच ती गोष्ट शंभरदा सांगितली, मैत्रिणींचे डोळे विस्फारलेले बघत. सांगताना ती टीव्हीचा भाग गाळायची.

भोंग्यावर घोषणा झाली. स्वीडिश वाक्यांच्या मधून अचानक शौर्यचं नाव आलं, पण ‘शूरिया’ असं काहीतरी, आणि वृषालीला वाटलं की हे दुसऱ्याच कुणाच्या मुलाबद्दल चाललंय. कुणीतरी दुसरीच बाई, तिचं मूल हरवलंय. लोक क्षणभर थबकले, आपापल्या मुलांकडे बघितलं, पुन्हा चालू लागले. कारीन सगळ्या गाड्यांमधून वाकून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वृषालीच्या डोळ्यांत नव्हतं. आईला सांगायला हवं, असं तिला वाटलं. जिनं दुसऱ्याचं पोर उसातून ओढून आणलं, तिला जाऊन सांगायचं की मी माझं काचेबाहेर ठेवलं होतं. कॉफी पीत होते. पहारेकरीण म्हणाली इथंच थांबा, पण वृषाली सरकत्या जिन्यावरून उतरायला लागलीसुद्धा, चालत्या पायऱ्यांवरून पळत, ‘सॉरी, सॉरी’ म्हणत. दुसरा मजला, पहिला मजला. प्रत्येक गाडीत, प्रत्येक बाईच्या हातात तिची नजर जात होती आणि प्रत्येक मूल शौर्य असू शकत होतं. आणि मग तिला वाटलं, आपल्याला त्याचा चेहरा तरी नक्की आठवतोय का? कपाळ राजारामचं. कानामागं तीळ. डाव्या की उजव्या?

खाली झाडांच्या दुकानासमोरचा बाक रिकामा होता.

बाकावर शाल नव्हती, पिशवी नव्हती. वृषाली बाकाभोवती एक फेरी मारून आली. दुकानातल्या मुलीला खुणेनं विचारलं. तिनं खांदे उडवले. आता दोघंही नव्हती. एकीला भाषा येत नाही, एकाला बोलताच येत नाही. ‘‘आये!’’ वृषाली ओरडली. इतक्या मोठ्यानं, इतक्या वर्षांनी ती हाक तिच्या तोंडून आली की तिचंच अंग शहारलं. कॉलेजला गेल्यापासून ती आई म्हणत होती. लोक वळून बघू लागले. एका म्हाताऱ्या माणसानं तिला हात केला आणि वर जाणाऱ्या जिन्याकडे बोट दाखवलं. तिला आधी काही कळलं नाही. मग दिसलं. जिन्याच्या तोंडाशी, फरशीवर, भिंतीला लागून, ते एक माप मोठे बूट. देवळात जाताना काढावेत तसे, नीट जोडीनं ठेवलेले, आत हातमोजे खोचलेले. लोक त्यांना वळसा घालून जात होते.

ती ते बूट हातात घेऊन वर गेली. आई वर गेली होती. त्या जिन्यावरून. एकेका मजल्यावर ती दुकानांत डोकावत गेली: चपलांची दुकानं, घड्याळांची, खेळण्यांची, आणि सगळ्यांचा तो एकसारखा गुळगुळीत उजेड, ज्यात कुठून आलो ते कुणालाच सांगता येऊ नये. तिसऱ्या मजल्याच्या पार टोकाला फर्निचरचं एक भलं मोठं दुकान होतं. त्यात खऱ्यासारखी घरं मांडलेली: स्वयंपाकघर, जेवायचं टेबल, टेबलावर लाकडी सफरचंदं, भिंतीवर खोटी खिडकी आणि खिडकीत उन्हाचं चित्र. शेवटी एक झोपायची खोली होती. तिथं मोठ्या पलंगावर, गोधडी अंथरल्यासारख्या जाड पांढऱ्या दुलईवर, मांडी घालून ठकूबाई बसली होती. पायांत लोकरीचे मोजे. मांडीवर शाल पसरलेली आणि शालीत शौर्य. ती मांडी हलवत होती. शौर्य जागा होता आणि तिच्या गळ्यातली काळी पोत मुठीत धरून तोंडाकडे ओढत होता. त्यानं हिरवं घातलं होतं. हिरवं, खिशावर बदक असलेलं.

वृषालीच्या हातातले बूट खाली पडले. पहारेकरीणही मागून पोचली होती, वॉकीटॉकीवर काहीतरी बोलत. ‘‘ही कोण?’’ तिनं विचारलं. ‘‘माझी आई,’’ वृषाली म्हणाली, आणि मग, जरा थांबून, जणू वेगळं सांगायला हवं म्हणून, ‘‘आणि तो माझा मुलगा.’’ पहारेकरणीनं एकदा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, हसली, ठकूबाईला अंगठा वर करून दाखवला आणि गेली. कारीन शौर्यची गाडी ढकलत आली होती. ती वृषालीच्या गळ्यात पडून रडली आणि फोन कर म्हणून, आपल्या मुलीला घेऊन, तीही गेली. ठकूबाई हे सगळं शांतपणे बघत होती. ‘‘ही का रडती?’’ तिनं विचारलं.

‘‘आई, तू त्याला घेऊन कुठं गेली होतीस?’’ वृषालीचा आवाज चिरकला. ‘‘मला वाटलं कुणी नेलं त्याला. सगळ्या मॉलमध्ये घोषणा झाली. पोलिसांना बोलावणार होते!’’

‘‘अगं बया!’’ ठकूबाईची मांडी हलायची थांबली. ‘‘मी म्हणलं दोन घडी फिरवून आणते. मंग वाटच घावंना. समदीकडं एकसारखंच. त्यात हे एक घर दिसलं, म्हणलं घरात बसावं, कुणी बोललं तर उठावं. कुणी बोललं बी न्हाई.’’ मग ती हळू म्हणाली, ‘‘लई रडत व्हता गं. खालनं ऐकू आलं.’’

‘‘खालून? एवढ्या गोंगाटात?’’

‘‘गोंगाट कसला? नुसती हूं हूं चालल्याली असती हितं. त्यात ह्याचं एकट्याचंच रडणं. मंग काय करू? बूट काढलं, निऱ्या वर खोचल्या, कठडा धरला आन् डोळं मिटलं. मागं एक पोरगी व्हती, तिनं कंबरंला धरलं. गोरीच व्हती. चांगली व्हती बिचारी. वर आले तर हा लालेलाल. ती गाडी मला हलंना, म्हणून नुसता उचलून घेतला.’’

वृषाली पलंगाच्या कडेला टेकली. काचेच्या आत, चार हातांवर, तिला ते रडणं ऐकू आलं नव्हतं. ‘‘मी तिथंच होते,’’ ती म्हणाली. ‘‘काचेपलीकडे. मी तुला दिसले नाही का?’’

‘‘दिसलीस की.’’

‘‘मग आत का नाही आलीस? हाक का नाही मारलीस?’’

ठकूबाईनं शौर्यच्या मुठीतून पोत सोडवली, त्यानं पुन्हा धरली. ‘‘हसत व्हतीस तू,’’ ती म्हणाली. ‘‘त्या बाईसंगं. मी आल्यापास्नं तुला हसताना बघितलं नव्हतं. म्हणलं, बसू दे. पोराला मी सांभाळते.’’

दुकानातून एक जोडपं आलं, शेजारचं कपाट उघडून बंद करून बघितलं, आणि या पलंगावरच्या दोन बायांना बघून ओशाळून पुढं गेलं. वृषालीला वाटलं होतं आई बोलेल, कडकड बोलेल. ते सगळं ऐकून घ्यायला ती तयार होऊन आली होती. त्याऐवजी हे ऐकल्यावर तिला कशालाच धरता येईना. आणि मग तिच्या तोंडून ते निघालंच, खाली बघत, दुलईच्या टाक्यांवरून नख ओढत. गाडी रिकामी दिसली तेव्हा मला आधी बरं वाटलं, आई. अगदी क्षणभर. सुटल्यासारखं. आणि हे आजचं नाही. तो झाल्यापासूनच आहे. मी सगळं करते त्याचं, पण मला काही होत नाही. कुणाच्या तरी दुसऱ्याच्या मुलाचं केल्यासारखं वाटतं. राजारामला माहीत नाही. तू आलीस तेव्हा मला वाटलं तुला दिसेल, आणि दिसू नये म्हणून मी...

ठकूबाईनं शौर्यवरची शाल सारखी केली. खोट्या खिडकीतलं खोटं ऊन तिच्या तोंडावर पडलं नव्हतं, दिव्याचा उजेड पडला होता. त्यात ती फार थकलेली दिसत होती.

‘‘साळूचं ठावं हाय का तुला?’’ शेवटी ती म्हणाली.

‘‘काकीचं? काय?’’

‘‘त्या दिशी वाघ अंगणात आला तवा साळू दारातच उभी व्हती. माझ्या आदुगर तिनं बघितला. डोळ्यांदेखत नेलं पोराला. आन् तिचा पायच उचलंना. वरडली बी न्हाई.’’

‘‘घाबरली असेल.’’

‘‘घाबरलीच की. मी काय घाबरले नव्हते? माझं पाय पळालं, तिचं पळालं न्हाईत. येवढंच. पण लोकांनी मला शाल दिली, आन् ती चुलीम्होरं बसून. पोरगं बरं होऊन दवाखान्यातनं घरी आलं तर ती त्याला शिवंना. ह्याला कोणतं तोंड दाखवू, म्हणायची. मंग फुडं फुडं तर तेबी म्हणंना. नुसती बघायची, भिंतीकडं बघावं तसं. मंग गेणू माझ्याकडंच निजायचा. आमी समद्यांना सांगितलं, त्याला माझी सवं लागली म्हणून.’’

वृषालीला आठवलं. सुट्टीत घरी गेल्यावर आईच्या वाकळेत झोपलेला गेणू, मानेवर गुलाबी व्रण. तिलाही तेच सांगितलं होतं, आणि तिला ते खरं वाटलं होतं. त्या गोष्टीला शोभणारंच होतं ते. काकी तेव्हा काय करत होती? तिला काकीचा चेहराच आठवेना. दारातली एक आकृती, चौकटीला धरलेला एक हात. शंभर वेळा सांगितलेल्या गोष्टीत तिनं काकीला एकदाही आणलं नव्हतं.

‘‘किती दिवस चाललं ते?’’ तिनं विचारलं.

‘‘कुणी मोजलं? दोन पावसाळं तरी गेलं असतील.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय. एक दिस आमी कांदा खुरपीत व्हतो. गेणू बांधावर खेळत व्हता, नाक वाहत व्हतं त्याचं. ती उठली, गेली, पदरानं त्याचं नाक पुसलं आन् परत येऊन खुरपाय लागली. मी काय बोलले न्हाई. ती बी न्हाई. तिथनं सुरू झालं हळूहळू.’’

‘‘आणि नसतं झालं तर?’’

‘‘तर माझ्याकडं निजला असता,’’ ठकूबाई म्हणाली. हे काय विचारणं, असा तिचा आवाज होता.

शौर्य कुरकुरायला लागला. आधी बारीक, मग ओठ काढून, मग तोंड चौकोनी करून. आता वृषालीला ऐकू येत होतं. तिनं कान देऊन ऐकलं, सुरुवात कुठं होते, श्वास कुठं घेतो. ‘‘भूक लागली त्याला,’’ ठकूबाई म्हणाली, पण तिनं त्याला पुढं केलं नाही, घे म्हणाली नाही. वृषालीनंच हात पुढं केले. कोट काढला, स्वेटर वर घेतला. ठकूबाई उठली, मोज्यांनिशी फरशीवर उभी राहिली आणि शाल दोन्ही हातांनी ताणून आडोसा करून धरला. एवढ्या मोठ्या मॉलच्या एका टोकाला, विकायला मांडलेल्या घरात, शौर्य प्यायला लागला. वृषाली वाट बघत राहिली. छातीत कळ आली, ओढ बसली, दूध उतरलं. आणखी काही झालं नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता, तो तिनं बोटानं पुसला. मग कानामागं बघितलं. तीळ डाव्या कानामागं होता.

‘‘पितोय का?’’ शालीपलीकडून ठकूबाईनं विचारलं.

‘‘पितोय.’’

‘‘मंग पिऊ दे.’’

पिऊन तो झोपला. वृषालीनं स्वेटर सारखा केला. ती म्हणाली, ‘‘आई, आज रात्री त्याला तुझ्याकडे घेशील?’’

‘‘घेते.’’

‘‘उद्यापण?’’

‘‘घेते म्हणलं ना. तुझ्या बापाला फोन करून सांग, कांद्याची लागण करून टाक म्हणावं, माझी वाट बघू नकोस. मला काय घाई न्हाई.’’

परवापर्यंत ती रोज विचारत होती, पुण्याचं विमान कधी. वृषालीला माहीत होतं. इथल्या अंधाराला, बंद खिडक्यांना, जवळ जाताच आपोआप उघडणाऱ्या दारांना ती किती भीत होती, हेही तिला आता कळत होतं. महिनाभर तिनं त्याला हट्ट म्हटलं होतं. काहीतरी बोलावंसं वाटलं, पण ठकूबाई पलंगावर एका अंगाला सरकली होती आणि मधे शौर्यला ठेवून दुलईवर हात आपटत होती. ‘‘जरा आडवी हो. कसं तोंड झालंय बघ. कुणी बोललं तर उठू.’’

वृषालीनं बूट काढले. दुकानातली माणसं येत-जात होती. ती कुशीवर वळून, पोराकडे पाठ करून आडवी झाली आणि डोळे मिटले. झोपेत शौर्यनं पाय ताणला, तो तिच्या पाठीला लागला. एक बारीकशी टाच, मोज्यातली. ती सरकली नाही. टाच तशीच राहू दिली.